पावसावाचूनचा पूर

आरमोरीहून वैनगंगेच्या काठाकाठानं तीन कोस गेलं की चिचटोला लागायचा. तिथल्या शाळेत लटारू बांबोळे गुरुजी अकरा वर्षं होते. सकाळी आरमोरीहून सायकलनं यायचे, संध्याकाळी सायकलनं परतायचे, आणि पावसाळ्यात नाला भरला की शाळेतच भात शिजवून तिथंच पाठ टेकायचे. त्यांच्या बापानं लोकांच्या बांध्यांत धान रोवून त्यांना शिकवलं होतं. छप्पन साली बाप चांद्याला जाऊन दीक्षा घेऊन आला, घरातले देव नदीत सोडले आणि पंधरा वर्षांच्या लटारूला म्हणाला, "आता तुले पुस्तकच वाचाचं हाय. दुसरं कोनी आपल्याले वाचवाले येत नाई." हे वाक्य लटारूनं जरा जास्तच मनावर घेतलं, असं पुढे त्याची बायको रंभा म्हणायची.

ऐंशी साली नदीवर धरणाची जागा पाहायला एक तुकडी आली आणि दोन महिने शाळेच्या पडवीत मुक्कामाला राहिली. त्यात एक बंगाली भूवैज्ञानिक होता. गुरुजी रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसून दगडांची नावं विचारायचे. जाताना त्यानं आपल्या पेटीतलं एक जाड इंग्रजी पुस्तक गुरुजींच्या हातावर ठेवलं. ज्वालामुखींचं होतं, रंगीत चित्रांचं. गुरुजींनी शब्दकोश मांडीवर घेऊन ते दोन हिवाळे वाचलं. एका पानाला कधीकधी आठवडा लागायचा.

वैनगंगेच्या काठच्या पोरांना पूर काय असतो हे शिकवावं लागत नाही. पण ब्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर चौथीतल्या सोमारी नावाच्या पोरीनं विचारलं, "गुरुजी, पाऊस नसला तरी पूर येते का?"

पोरं हसली. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "येते. कसा येते, ते तुमाले दाखवतो."

पुस्तकात आइसलँडचं प्रकरण होतं. तिथं कोसच्या कोस बर्फाची लादी पसरलेली असते, हत्तीवर हत्ती रचावेत इतकी जाड, आणि तिच्या पोटाखाली जिवंत ज्वालामुखी असतात. वरून पाहणाऱ्याला पांढऱ्या सपाटीशिवाय काही दिसत नाही. खाली बर्फ वितळत राहतो, पाणी साठत राहतं, वर्षानुवर्षं. आणि एक दिवस ते पाणी बर्फाची लादीच उचलतं आणि बाहेर पडतं. आभाळ निरभ्र असतं, आणि नदी मात्र एकाएकी घराएवढे बर्फाचे खडक वाहून आणते. पुस्तकात त्या पुराला तिकडच्या भाषेतलं एक नाव होतं. गुरुजींनी ते देवनागरीत वहीवर उतरवून घेतलं होतं, पण मोठ्यानं म्हणताना जीभ अडखळायची.

हे पोरांना नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये एका शनिवारी ते पहाटेच वडशाला गेले. तिथल्या कारखान्यातून बर्फाची अर्धी लादी घेतली, धानाच्या कोंड्यात घालून पोत्यात बांधली आणि सायकलवर लादून आणली. शाळेत पोचेपर्यंत ती पावच उरली होती. अंगणात पोरांनी मातीचा डोंगर केला होता. डोंगराच्या पायथ्याशी गाव होतं, चिखलाची घरं, आगपेटीच्या काड्यांची कुंपणं. गुरुजींनी चुलीत लाल केलेले दोन दगड चिमट्यानं उचलून डोंगराच्या माथ्यावरच्या खळग्यात ठेवले, त्यांवर पत्र्याचा तुकडा, पत्र्यावर बर्फ. मग बर्फाच्या कडेनं ओली माती दाबून बसवली. म्हणाले, "ही माती महत्त्वाची. पानी बाहेर दिसलं नाई पायजे. लपलं पायजे."

पोरं श्वास रोखून बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग बर्फ हलकाच करकरला, एका बाजूची माती फुगली आणि फुटली, आणि गढूळ पाण्याचा लोंढा भसकन खाली उतरला. अर्धं गाव गेलं. पोरं आनंदानं किंचाळली. लोंढा अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेला, आणि तिथं नुकत्याच मोटरसायकलवरून उतरलेल्या राजूरवार साहेबांच्या बुटांवर चढला.

राजूरवार हे विस्तार अधिकारी. शाळा तपासायला आले होते. त्यांनी आधी बुटांकडे पाहिलं, मग डोंगराकडे.

"बांबोळे, भूगोलाचा तास आहे की होळी?"

"प्रयोग होता, साहेब. बर्फाखाली ज्वालामुखी असला तर पूर कसा येते, ते दाखवून राह्यलो होतो."

"बर्फाखाली काय?"

"ज्वालामुखी, साहेब."

साहेबांनी रुमालानं बूट पुसले. मग पुढच्या ओळीत बसलेल्या सोमारीकडे वळून म्हणाले, "काय गं पोरी, चुलीवर बर्फ ठेवला तर काय होईल?"

सोमारी उठून उभी राहिली. साहेबांनी विचारलंय म्हणजे बरोबर उत्तर द्यायला हवं, एवढंच तिला ठाऊक. "चूल इझून जाईन, जी."

"बघा. पोरीला कळतं," साहेब म्हणाले.

आत्ताच किंचाळणारी पोरं आता हसली. गुरुजींनी आत जाऊन पुस्तक आणलं, पान उघडून दाखवलं. साहेबांनी चित्रं पाहिली, दोन पानं उलटली आणि पुस्तक मिटलं.

"हे खात्यानं मंजूर केलंय?"

"नाई जी."

"इंग्रजी वाचता तुम्ही?"

"शब्दकोश घेऊन वाचतो."

"वा! तुमच्यातले लोक आता इंग्रजी वाचायला लागले. चांगलं आहे." साहेबांनी खिशातून पेन काढलं. "मग शेरापण इंग्रजीतच लिहितो. शब्दकोश घेऊन वाचा."

शेरा दोन ओळींचा होता. शिक्षक मुलांना मनघडंत माहिती सांगतो, त्याला स्वतःच्या विषयाचं ज्ञान नाही, असा त्याचा अर्थ. त्यातल्या 'अनसाउंड' या एका शब्दासाठी गुरुजींना खरंच शब्दकोश काढावा लागला. कोशात दोन अर्थ दिले होते. पहिला, ज्याचा पाया भक्कम नाही असा. दुसरा, ज्याचं डोकं ठिकाणावर नाही असा. साहेबांना यातला कोणता म्हणायचा होता, हे गुरुजींना कधीच कळलं नाही.

तोच शेरा गोपनीय अहवालात चढला. चिचटोल्याला मुख्याध्यापकाची जागा निघणार होती. ती गुरुजींना मिळणार हे सगळे धरून चालले होते. ती मिळाली त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकट्या माणसाला. आणि जूनमध्ये गुरुजींची बदली झाली एटापल्लीच्याही पलीकडे, तोडेवाहीला. एटापल्लीपासून पुढे बावीस किलोमीटर जंगलातली कच्ची वाट.

रंभा भांडली नाही. चुलीपुढे बसून तांदूळ निवडत ती म्हणाली, "बर्फ थंड असते, आग गरम असते, येवढं तर मलेबी समजते. साहेबाले हो म्हनून देलं असतं तर काय जात होतं तुमचं?"

"खोटं कसं म्हनू?"

"खरं म्हनून काय भेटलं?"

मोठी विशाखा तेव्हा अकरा वर्षांची होती, धाकटी सातची. तोडेवाहीला चौथीच्या पुढे शाळा नाही, म्हणून पोरी आणि रंभा आरमोरीलाच राहिल्या आणि गुरुजी एकटेच गेले.

तोडेवाहीला शाळा म्हणजे कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर. पोरं माडिया, त्यांना मराठी येईना, गुरुजींना गोंडी येईना. पहिलं वर्ष गुरुजी शिकवण्यापेक्षा शिकलेच जास्त. दर दोन-अडीच महिन्यांनी घरी जायचे, आणि दर खेपेला पोरी थोड्या उंच आणि थोड्या परक्या झालेल्या असायच्या. ज्वालामुखीचं पुस्तक त्यांनी सोबत नेलं होतं, पण पेटीतून काढलं नाही. बर्फाचा धडा तर दूरच. दगडांची नावंही ते पोरांना सांगेनात.

पंच्याऐंशीच्या दिवाळीच्या सुटीत बाकीचे शिक्षक घरोघर गेले. गुरुजींच्या माथी मतदार याद्यांचं काम मारलं होतं, म्हणून ते तोडेवाहीलाच थांबले. नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी ते भात चढवत होते, तेव्हा गावातला बुधू पुंगाटी धावत आला. गावात रेडिओ एकच, वाटेवरच्या दुकानात. बुधू तिथून आला होता.

"गुरुजी, तुमचा आरमोरी गेला!"

"गेला म्हंजे?"

"रेडिओ बोलला. चिखल आला. पूर्ण आरमोरी गाडला. वीस हजार मानूस मेला म्हंते."

गुरुजींनी भाताचं भांडं खाली ठेवलं. नोव्हेंबर. पाऊस संपून महिना उलटला. वैनगंगा या दिवसांत पायी ओलांडता येते. असं होऊ शकत नाही, हे त्यांना पहिल्या क्षणी कळलं. दुसऱ्याच क्षणी त्यांना आठवलं की पावसावाचून पूर येतो, आणि हे आख्ख्या जिल्ह्यात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. वर नदीवर कुठंतरी बांध असेल, तो फुटला असेल. ते दुकानाकडे पळाले. बातम्या संपून गाणी लागली होती. दुकानदार तेलुगू बोलणारा, त्यानंही आरमोरी एवढंच ऐकलं होतं.

ते सायकलवर बसले. बावीस किलोमीटरच्या त्या वाटेवर त्यांच्या डोक्यात शिक्षकाचा हिशेब थांबेना. आरमोरीत वीस हजार माणसं नाहीत. पण बाजाराचा दिवस असला, आणि आजूबाजूची खेडी धरली, तर होतील. आपलं घर नदीपासून किती उंच? फार नाही. विशाखाला पोहता येतं. धाकटीला येत नाही. रंभा सकाळी नदीवर धुणं घेऊन जाते. दोनदा ते पडले. दुसऱ्यांदा गुडघा फुटला, तो त्यांना एटापल्लीत पोचल्यावर दिसला.

ते थेट पोस्टात गेले. पोस्टमास्तर श्रीहरीबाबू ओळखीचे होते.

"बाबू, आरमोरीले तार करा. आत्ता करा."

"काऊन? काय झालं?"

"पूर आला म्हंते ना! आरमोरी गाडली म्हंते!"

श्रीहरीबाबूंनी त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. "आरमोरी नाई हो गुरुजी. आर्मेरो! दक्षिण अमेरिकेत कुठी कोलंबिया म्हनून देश हाय, तिथलं गाव. आपल्या इथी काई नाई झालं. काल रातच्याच मोटारनं माह्या मेव्हना आरमोरीहून आला."

गुरुजी तांब्याभर पाणी प्याले. मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "चिखल कायचा आला?"

"काई तरी अजबच सांगत होते. डोंगर होता, त्याच्यावर बर्फ, आन् त्या बर्फाखाली म्हने ज्वालामुखी. तो फुटला, बर्फ वितयला, आन् रातच्या वक्ती चिखलाचा लोंढा..."

"काय म्हनाले? परत म्हना."

"बर्फाखाली ज्वालामुखी."

गुरुजी हसले. आधी तोंडातल्या तोंडात, मग मोठ्यानं. "बर्फाखाली! बर्फाखाली ज्वालामुखी!" त्यांनी श्रीहरीबाबूंकडून ते तिसऱ्यांदा म्हणवून घेतलं. मग त्यांना ओढत समोरच्या हॉटेलात नेलं, चहा सांगितला, भजी सांगितली. श्रीहरीबाबू चकित होऊन खात होते. गुरुजी टेबलावर थाप मारत होते. "मी सांगतलं होतं ना! रेडिओवर सांगतलं ना आता! बोलवा आता त्या राजूरवारले!" अडीच वर्षांत कोणी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर चढ लागला तेव्हा ते सायकल हातात धरून चालू लागले. रंभा जिवंत होती, पोरी जिवंत होत्या. आपलं म्हणणं खरं निघालं होतं. आणि मग, कशामुळं कोण जाणे, त्यांना ते दुसरं गाव दिसू लागलं. तिथंही नदीवर धुणं नेणाऱ्या बाया असतील. तिथंही कोणाच्या धाकटीला पोहता येत नसेल. चार तास आधी याच वाटेनं आपण ज्या भीतीनं धावत होतो, ती त्यांच्यासाठी अफवा नव्हती. आणि त्या बातमीवर आपण भजी खाल्ली. ते वाटेच्या कडेला सायकल टाकून बसले आणि खाल्लेलं सगळं ओकले.

पाच-सहा दिवसांनी एटापल्लीहून वर्तमानपत्रांचा गठ्ठा मिळाला. गुरुजींनी अक्षर न् अक्षर वाचलं. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार झाला होता, आणि त्यावर ते गाव होतं. राख पडू लागली तेव्हा लोकांना सांगण्यात आलं होतं की काळजी करू नका, घरातच थांबा. लोक थांबले. एका अंकात फोटो होता, मानेपर्यंत गढूळ पाण्यात अडकलेल्या एका पोरीचा. वय तेरा. विशाखाही तेराच वर्षांची. गुरुजींनी फोटोवर हात ठेवून तो झाकला आणि खालचा मजकूर वाचला. मग कात्री घेऊन कात्रण कापलं, कारण अर्जाला ते जोडावं लागणार होतं.

अर्ज त्यांनी तीनदा लिहिला. त्र्याऐंशी सालचा प्रतिकूल शेरा काढून टाकावा, बर्फाखाली ज्वालामुखी असतो हे आता साऱ्या जगाला कळलेलं आहे, सोबत कात्रण. उत्तर यायला दहा महिने लागले. त्यात दोन मुद्दे होते. एक, शेऱ्याविरुद्ध दाद मागण्याची मुदत संपलेली आहे. दोन, जोडलेल्या कात्रणातली घटना शेऱ्यानंतरची आहे. शेरा लिहिला त्या दिवशी शिक्षकाजवळ तिचा पुरावा नव्हता, म्हणून तो त्या तारखेला योग्यच होता. गुरुजींनी ते पत्र रंभाला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "म्हंजे ते लोक आधी मेले असते तर चाललं असतं?"

"असंच दिसते," गुरुजी म्हणाले.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात गडचिरोलीला शिक्षकांचं शिबिर भरलं. गुरुजींना हुकूम आला, ते गेले. दुसऱ्या दिवशी भूगोलाचं व्याख्यान होतं आणि व्याख्याते होते राजूरवार साहेब. ते आता मोठ्या खुर्चीवर गेले होते, केस पांढरे झाले होते. माइकसमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "बर्फाखाली आग असू शकते, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?"

कोणी हात वर केला नाही. तिसऱ्या रांगेतल्या गुरुजींनीही नाही.

"हेच आपलं दुर्दैव," साहेब म्हणाले. "शिक्षक पाठ्यपुस्तकाबाहेर जायला तयार नाही!" मग त्यांनी कोलंबिया सांगितलं, आइसलँड सांगितलं. मंचावर एका परातीत मातीचा डोंगर होता, पायथ्याशी चिखलाची घरं, शेजारी स्टोव्हवर तापत ठेवलेला दगड. साहेबांची नजर रांगांवरून फिरत गुरुजींवर थांबली. क्षणभरच.

"अरे, हे आमचे बांबोळे! जुने सहकारी. या, बांबोळे, वर या. जरा बर्फ धरा."

साठ शिक्षक बघत होते. गुरुजी वर गेले. साहेबांनी बर्फाचा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि बोलत राहिले. बोलणं लांबलं. तळहात आधी झोंबले, मग बधिर झाले. शेवटी साहेबांनी दगड खळग्यात ठेवला, गुरुजींनी त्यावर बर्फ ठेवला. पाणी कडेनं थेंबथेंब झिरपू लागलं आणि मातीत जिरलं. पूर काही येईना. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

गुरुजींना कारण माहीत होतं. कडेला माती दाबली नव्हती, पाणी साठतच नव्हतं. त्यांनी नुसतं उभं राहायचं होतं. आणखी दोन मिनिटांत साठ लोक साहेबांना हसले असते. चार वर्षांपूर्वी चौथीची पोरं आपल्याला हसली होती तशीच. पण पुढच्या रांगेतली एक तरुण शिक्षिका वही उघडून, मान उंचावून बघत होती. ती जून महिन्यात कुठल्या तरी गावी पोरांपुढे हेच करणार होती. गुरुजींच्या बधिर बोटांनी परातीतली ओली माती उचलली आणि बर्फाच्या कडेनं दाबून बसवली. थोड्या वेळानं लोंढा फुटला, चिखलाचं गाव वाहून गेलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी मान लववून टाळ्या घेतल्या.

जेवणाच्या वेळी गुरुजींनी त्यांना गाठलं. "साहेब, तो शेरा..."

"कोणता शेरा?"

"चिचटोल्याचा. त्र्याऐंशीचा."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बांबोळे, तुमच्यात गुण आहेत हो. पण तुम्ही गोष्टी मनाला लावून घेता. तुमचा तेवढाच दोष आहे." आणि ते हात धुवायला गेले.

पावसाळ्यानंतर सगळ्या शाळांना एक परिपत्रक आलं. 'हिमाखालील ज्वालामुखी व पूर: वर्गात करावयाचा प्रयोग', संकल्पना राजूरवार साहेबांची. प्रयोग घेतल्याचा दाखला महिनाअखेर पाठवायचा होता. गुरुजींनी खरं ते लिहिलं: प्रयोग घेतला नाही, इथं बर्फ मिळत नाही. जानेवारीत खात्याचं पत्र आलं की आदेशाचं पालन का केलं नाही याचा खुलासा करावा. त्यांनी खुलासा केला. बर्फ वडशाला मिळतो, तोडेवाहीला येईपर्यंत त्याचं पाणी होतं, असं त्यात होतं. त्याचं पुढे काय झालं, हे कोणी त्यांना कळवलं नाही. आरमोरीकडे बदली मिळावी म्हणून दरसाल केलेला अर्ज मात्र त्याही वर्षी नामंजूर झाला.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ते घरी आले तेव्हा विशाखा दहावीत जाणार होती. पोरगी हुशार, वर्गात पहिली. गुरुजींनी अंगणात तिला जवळ बसवून विचारलं, "पुढच्या साली दहावी झाली का डी.एड.ची तयारी कराची ना?"

"नाई," ती म्हणाली. "मले टायपिंगचा क्लास लावाचा हाय. हापिसात लागीन."

"हापिसात? काऊन? मास्तरीन होशीन तर..."

"मले शेरे लिव्हनाऱ्यात जाचं हाय, बाबा. शेरे खानाऱ्यात नाई."

रंभा दारात उभी होती. गुरुजी उठले, सदरा घातला, सायकल काढली आणि बाजारातल्या टायपिंगच्या क्लासात जाऊन तिचं नाव नोंदवून आले.